चार माळे एका दमात

परबकाका जिना चढताना प्रत्येक माळ्यावर थांबून भांडत. आमची काळाचौकीची चाळ चार माळ्यांची आणि ते चौथ्यावर एकटेच राहत, त्यामुळे रोज सगळ्या चाळीचा उद्धार व्हायचा. पहिल्या माळ्यावर कचऱ्याच्या डब्याला झाकण नाही, दुसऱ्यावर आमच्या चपला. "ह्यो जिनो काय तुमच्या बापाशीचो?" एका हाताने कठडा धरून ते आईला विचारायचे. आई तशी कुणाला भिणारी नव्हे, पण त्यांची पावलं थांबली की ती दार लावून घ्यायची. मला तो माणूस मुळीच आवडत नसे, आणि मेलेल्याबद्दल चांगलंच बोलावं हा नियम मी त्यांच्यासाठी पाळणार नाही.

हर्नियाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा आईला हुकूम आला, "पोरीक धाड माझ्यावांगडा, तिका इंग्लिस येता." मी गेले.

भूल देणाऱ्या डॉक्टरबाई मराठीच बोलल्या. रोज किती चालता, जिना चढताना दम लागतो का, असं विचारत होत्या. "तुमच्या सांगण्यावरून आम्ही अंदाज बांधतो काका, हृदय आणि फुप्फुसं किती ताण सोसतील त्याचा. तेव्हा खरं सांगा."

"रोज राणीच्या बागेपर्यंत चालतो. आणि चार माळे एका दमात!" काकांनी छाती काढली. "विचारा हिला."

राणीची बाग कसली, नाक्यावरच्या चहावाल्याचं बाकडं! पण मला आठवला तो आत्ताच चढलेला हॉस्पिटलचा जिना. वळणावर थांबून ते लादी पुसणाऱ्या बाईवर खेकसले होते. दोन शब्दांमध्ये तोंड उघडं, कठड्यावरची बोटं पांढरी. इतकी वर्षं आम्ही ऐकत होतो ते हे होतं तर.

"प्रत्येक माळ्यावर थांबतात," मी म्हणाले. "भांडायला. तेवढ्यात दम खातात."

डॉक्टरबाईंनी आधी हृदयाच्या तपासण्या लिहून दिल्या. काकांनी त्या केल्याच नाहीत. "माझा काळीज माका ठावक नाय?" म्हणाले, आणि माझ्यामुळे ऑपरेशन बोंबललं हे चाळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाहीर केलं. त्यांच्या विरारच्या मुलाला मी सगळं कळवलं. "बाबांना कोण सांगणार?" म्हणून तो मोकळा झाला. आई तेवढी म्हणाली, "दम लागतो तर लागू दे की. आमच्या चपलांवर कशाला काढतो?"

त्यानंतरही ते तसेच चढत राहिले, तसेच भांडत राहिले. फक्त थांबणं लांबत गेलं आणि शिव्याही.

गणपतीच्या आधी एका सकाळी त्यांची पावलं आमच्या माळ्यावर थांबली. सवयीने समोरचं दार लागलं, शेजारचं लागलं, आईनेही लावलं. आम्ही वाट बघत राहिलो. ते आमच्या चपलांशेजारी पायरीवर बसले होते, हात कठड्याला तसाच. मी धावत खाली जाऊन टॅक्सी आणली, पण उपयोग झाला नाही.

माझा राग अजून गेलेला नाही. त्यांनी खरं सांगितलं असतं तर कुणीही खुर्ची टाकली असती. त्या दिवशी आईने दार उघडलं, तेही ओरडणं ऐकू आलं नाही म्हणून.