काजलची आई

ढाणकीच्या आमच्या केंद्रात व्यायामाला आणलेली लेकरं रडायची, बऱ्याच आयाही रडायच्या. ललिता तेवढी हसायची. जवळच्याच तांड्यावरची ही तरुण बाई काजलला कडेवर घेऊन आली, तेव्हा पोरगी दीड वर्षाची होती आणि मानसुद्धा धरत नव्हती. एसटीत कोणी "एवढी मोठी झाली, बसत काहून नाही?" असं विचारलं, की ललिता म्हणायची, "माह्या पोरीची गाडी पॅसेंजर हाय. थांबत थांबत येते."

मी तिथली फिजिओथेरपिस्ट. मी दाखवलेलं ललिता घरकामातच मुरवायची. काजलला मांड्यांत बसवून तूर निवडायची. ती आधाराशिवाय बसली, त्या दिवशी ललितानं केंद्र डोक्यावर घेतलं. "पाहा नं, कशी पाटलीणबाईसारखी बसली छोरी!"

दिवाळीनंतर नवऱ्याची टोळी ऊसतोडीला निघाली. काजल तेव्हा नुकतीच स्टूल धरून उभी राहू लागली होती, तीही चवड्यांवर; टाचा अजून टेकत नव्हत्या.

"आता खंड पाडू नकोस गं," मी म्हणाले.

"मले समजत नाही का, ताई? पण तिथं नवरा-बायकोच्या जोडीलेच काम भेटते. अन् हिले कोणाजवळ ठेवू?"

निघण्याआधी तिनं एकेक व्यायाम माझ्यासमोर करून दाखवला. चुकला की पुन्हा.

उन्हाळ्यात ती परत आली, एकटीच. उसाच्या फडावर काजलला ताप आला, छाती भरली, दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. हे तिनं दारातच सांगितलं. मी तिला आत बसवलं, पाणी दिलं. पेला तिनं नुसताच हातात धरून ठेवला.

"ताई, एक सांगाचं हाय. तापाच्या आधी छोरी उभी राह्यलती. काही न धरता. मी मोळी बांधून राह्यलती, वळून पाह्यलं त बांधावर उभी, माह्याकडं पाहून हसून राह्यलती. सगळ्याइले हाका मारल्या. कोणी येईपर्यंत बसली. नवरा म्हणते, तुले भास झाला."

मी विचारलं, "टाचा टेकल्या होत्या?"

"दोन्ही."

"मग उभीच राहिली होती."

"हो नं?" ती म्हणाली. माझा हात घट्ट धरून ती बराच वेळ बसली. मग उठून तांड्याकडे गेली. त्यानंतर ललिता केंद्रावर कधी आली नाही.