निवृत्तीरावांचा चढ

निवृत्तीराव गेल्याचा फोन आला, तेव्हा मी पिकअपमध्ये टोमॅटोचे क्रेट रचत होतो. भाताच्या खाचरात काम करता करता ते बांधावर टेकले, ते उठलेच नाहीत… महिना होऊन गेला, पण अजून मनाला पटत नाही.

ते माझे साडू. मी निमगाव सावाचा, ते घाटघरचे. ही जुनी पिकअप दोघांनी मिळून घेतलेली. पाच दिवस माझा टोमॅटो, दोन दिवस त्यांचा तांदूळ, हिरडा. मागच्या एक्सलमधलं क्राऊन-पिनियन, म्हणजे चाकं फिरवणारी दातेरी जोडी, तुटलं, तेव्हा मिस्त्रीनं दोन जोड्या पुढ्यात मांडल्या. म्हणाला, "ही सपाटीला पळंल, डिझेल कमी खाईल. ती दुसरी लई वढंल, पण पळायची न्हाई. बोला." निवृत्तीरावांनी दुसरीच्या दातांवरून बोट फिरवलं. "पावणं, आमचा चढ बघा जरा." मी म्हणालो, "गाडी जास्त माझ्याकडंच असती. बाजार चुकला तर माल कोण घेतंय?" त्यांनी दातांवरचं बोट काढून घेतलं. मग मिस्त्रीला म्हणाले, "लाव त्यांच्या मनाची." पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही, आणि गाडी छान पळत होती म्हणून मीही विचारलं नाही.

दीड वर्षानं त्यांच्या नातवाच्या बारशाला मी त्यांच्याबरोबरच घाटघरला निघालो; गाडी ते चालवत होते. मागं खताची पोती होती. चढाच्या पायथ्याशी त्यांनी गाडी थांबवली. हौसाताई, त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण, कुणी न सांगता उतरली आणि चाकामागं दगड लावला. दोघांनी निम्मी पोती रस्त्याकडेला उतरवली. गाडीतली वर टाकायची, मग ही न्यायला परत खाली यायचं.

"दर वेळी असंच?" मी विचारलं.

"भरलेली असली की असंच. न्हाईतर क्लच जळतोय."

"मला सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं व्हतं की, पावणं… मिस्त्रीकडं."

निवृत्तीरावांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं…

पुढच्याच आठवड्यात मी ती दुसरी जोडी बसवून घेतली. भरली गाडी न थांबता वर आली, तेव्हा मी शेजारी होतो. माथ्यावर त्यांनी इंजिन बंद केलं. "आता तुमी बाजार कसा गाठणार?" "तासभर आधी निघीन," मी म्हणालो. ते टॉवेलनं समोरची काच पुसत राहिले.

नव्या जोडीनं स्पीडचा काटा मात्र चुकायला लागला. खरी चाळीस असली की तो पन्नास दाखवायचा. एकदा गाडी माझ्याकडं आली, तर पन्नासच्या आकड्यापाशी काचेवर लाल ठिपका. सुनेच्या नेलपॉलिशचा! हौसाताईच्या हातात घड्याळ देऊन, किलोमीटरच्या दगडांमधला वेळ मोजून त्यांनी तो लावला होता. "काटा हितं आला की चाळीस धरा, म्होरं ताणू नका," एवढंच म्हणाले.

दहाव्यानंतर हौसाताईनं त्यांच्याकडची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "आता पळायची जोडी बसवा." मी किल्ली परत दिली. त्यांचा माल आता मीच आणतो, ती शेजारी बसते. परवा जुन्नरच्या अलीकडं सपाटीला मी गाडी जरा दामटली. ती काचेकडं बघत हळूच म्हणाली, "पावणं, ठिपक्याच्या म्होरं गेला तुमी."

मी पाय सैल केला.