अण्णांसाठी

ती घटना आठवू नये म्हणून बरीच वर्षं मी त्या थिएटरच्या रस्त्यानं जाणं टाळलं. आता थिएटर पाडलंय, तरी आठवते.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी हुबळीच्या ठाण्यात होतो. युद्धाच्या काळात देश सांभाळलेल्या एका नेत्याच्या आयुष्यावरचा सिनेमा लागला होता. त्यातल्या एका भाषणावरून इथल्या एका पुढाऱ्यानं, ज्याला बाजारात सगळे अण्णा म्हणत, थिएटर बंद पाडायची धमकी दिली होती. या अण्णाला कशात तरी अडकवा, असं वरून मला तोंडी सांगणं होतं.

सिनेमा उतरला आणि वितरकाच्या माणसानं फिर्याद दिली की प्रिंटचा एक तुकडा कापलेला आहे. समोरचा पानवाला आमचा खबऱ्या. पानाला चुना लावत, वर न बघता म्हणाला, “सार, ऑपरेटरचा जेवणाचा डबा बघा. रिकामा डबा कुणी एवढा जपून नेतं का?”

ऑपरेटर केशवापूरला आईबरोबर राहणारा, अबोल मराठी माणूस. डब्यात फडक्यात गुंडाळलेली हातभर फीत निघाली. पंचनाम्याच्या वेळी मी ती दिव्यावर धरली. भाषण नव्हतंच. जुन्या बातमीपटातलं दृश्य होतं, रेल्वेच्या खिडकीत सैनिक. गडबडीत चुकीचं कापलं असेल, असं मी ठरवून टाकलं.

“कुणी सांगितलं कापायला?”

“कुणी नाही, साहेब. अण्णांसाठी घेतली.”

मला हवं होतं ते मिळालं. “अण्णा म्हणजे...” असं तो दोनदा म्हणाला. “अण्णा कोण ते मला शिकवू नको,” म्हणून मी हवालदाराला पट्टा आणायला लावला. संध्याकाळपर्यंत ‘अण्णांच्या सांगण्यावरून’ असा जबाब झाला, सही झाली. त्या जबाबावर पुढाऱ्याला उचललं. वरून शाबासकीही आली.

दुसऱ्या दिवशी त्याची आई भाकरी घेऊन आली. हवालदारानं तिला बाकावर बसवलं.

“पोरगं काय बोललं हो साहेब?”

“अण्णाचं नाव घेतलंय त्यानं.”

“घेणारच की. वडील आहेत त्याचे. आमच्यात वडलांना अण्णाच म्हणतात.”

मी स्वतः धारवाडचा मराठी. आमच्या घरी वडील म्हणजे अप्पा आणि अण्णा म्हणजे थोरला भाऊ. शेजारच्या आळीत वडलांना अण्णा म्हणणारी घरं होती, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं.

तिचा नवरा सिनेमातल्या त्याच युद्धातून परतला नव्हता. पोरगं तेव्हा पाळण्यात. एकुलता एक फोटो वाळवीनं खाल्ला. ऑपरेटरची आई म्हणून फुकट सिनेमा बघायला गेली आणि खिडकीतला सैनिक दिसताच अंधारात उभी राहिली. मागचे ओरडले, “म्हातारे, बस खाली!” सिनेमा गावातून जायच्या आत तिला नवऱ्याचा फोटो करून हवा होता.

“तुम्ही बघितलात ना तुकडा?” तिनं विचारलं. “खळी दिसते का गालावर? हसले की पडायची. दिसत असेल तर पोरानं नीट जागी कापलंय. एकदा बघू द्या की.”

फीत माझ्या मागच्या कपाटात होती. दाखवली असती आणि तिनं नवरा ओळखला असता, तर जबाब कसा घेतला ते बाहेर आलं असतं.

“मुद्देमालाला सील झालंय, आज्जी. कोर्टातून सुटला की बघा.”

“पण खळी?”

“दिसते,” मी म्हणालो.

डबा ठेवून ती गेली. खटला रखडला आणि मधेच ती वारली. शेवटी पुढारी सुटला, ऑपरेटरही सुटला. सील तोडून फीत वितरकाच्या माणसाच्या हातात दिली, तर तो म्हणाला, “प्रिंटच उरली नाही, हिचं काय करू?” आणि त्यानं ती ऑपरेटरला देऊन टाकली.

नोकरीत मी लोकांना बोलतं करायला शिकलो होतो. त्यांचं बोलणं पुरं होऊ द्यायला मात्र या प्रकरणानंतर शिकलो, आणि ते शिकायला कुणाला पट्टा खावा लागला, हे आजवर घरीही सांगितलेलं नाही.

कोर्टाच्या व्हरांड्यात ऑपरेटरनं फीत उजेडात धरली. बराच वेळ बघत राहिला.

“एवढ्याशा चित्रात खळी कुठली दिसणार, साहेब,” तो म्हणाला. “पण तुम्ही आईला दिसते म्हणालात. बरं केलंत. शेवटपर्यंत सांगायची, साहेबांनी नीट बघितलंय म्हणून.”

मी त्या सैनिकाचा चेहरा बघितलाच नव्हता.