तिच्या डोळ्याला बसवलेली दुर्बीण

अमेरिकेत रेडमंडजवळच्या शूटिंग रेंजवर नवऱ्याची वाट बघायचा कंटाळा आला, म्हणून मीही नेमबाजी शिकले. शेजारच्या बाकावर दर शनिवारी एक म्हातारा शिकारी असे. त्याच्या बंदुकीत एका वेळी एकच गोळी मावे, पण तिला बदलता येणाऱ्या दोन नळ्या होत्या आणि प्रत्येक नळीवर वेगळी दुर्बीण. जाड नळी त्याची, हलकी बायकोची. बंदूक एकच, म्हणून दोघं आळीपाळीने शिकारीला जात.

बायको वारली. पुढे त्याच्या खांद्याला जाड नळीचा धक्का सोसेना, तेव्हा तो तिची नळी लावू लागला. सगळ्या गोळ्या एकाच जागी बसत, पण कागदी निशाणाच्या मध्यापासून चार बोटं डावीकडे.

"दुर्बिणीचा स्क्रू जरा फिरवा की," मी म्हटलं.

"ती तिच्या डोळ्याला बसवलीय, यंग लेडी."

"आणि हरणाला काय सांगणार?"

तो हसला नाही. नळी फडक्याने पुसत म्हणाला, "हरीण एका गोळीत मारायचं, नाहीतर मारायचंच नाही. यंदा परमिट काढलं नाही मी."

हिवाळाभर तो कागदावर डावीकडेच भोकं पाडत राहिला. माझ्या पर्समध्ये छोटा स्क्रूड्रायव्हर कायम असतो. तो मी बाहेर काढला नाही.