दिवाणखान्यातून बाहेर पडताना

"पुन्हा कर. साहेबांनी नीट देखलं नाही."

दरबारातले जुने सरदार रावसाहेब विडा चघळत म्हणाले. मी पुन्हा वाकलो. हात जमिनीला, मग कपाळाला. मुजरा. मग पाठ न दाखवता मागं सरकत दारापर्यंत. खुर्चीत नव्या सरकारचे एक अधिकारी बसले होते. त्यांनी मांडीवर थाप मारली. "वाह! ये तो बिल्कुल नाटक है!" पडद्याआड रावसाहेबांच्या घरातली मुलं खिदळली. माझ्याच वयाची. माझे कान तापले.

दाराशी माझे वडील उभे होते. आबा दरबारात चोपदार होते. संस्थान विलीन झालं, दरबार उठला, त्यांच्या हातातली चांदीची काठी जमा झाली. आबांच्या डोक्यातला दरबार मात्र उठला नाही.

मी मॅट्रिक झालो होतो. इंदरगंजातल्या एका टायपिंगच्या दुकानात झाडलोट करायचो आणि मशीन मोकळं असलं की त्यावर हात बसवायचो. नव्या कचेऱ्यांना टायपिस्ट हवे होते, परीक्षा होणार होती. पण मोठ्या माणसाने शब्द टाकल्याशिवाय नोकरी मिळत नाही, ही आबांची खात्री. म्हणून उन्हाळाभर त्यांनी माझी तयारी करून घेतली. मुजऱ्याची! अंगणात मला मागं चालवायचे. "नजर खाली. टाच आधी. उंबरा पायाला कळला पाहिजे." आमच्या गल्लीत घरोघरी हेच चाललं होतं. ज्या दरबाराला कुलूप लागलं, त्यात शिरायची तयारी. आणि मी मूर्ख, मन लावून शिकत होतो.

आबा हात जोडून म्हणाले, "सरकार, पोरगा मॅट्रिक आहे. मशीन चालवतो. आपण टायपिस्टच्या जागेसाठी एक शब्द टाकला तर..."

"मशीनवर बसायला आमची मुलं आहेत की," रावसाहेब हसले. "हा वाकतो किती छान! साहेबांच्या बंगल्यावर ठेवून देऊ, चहापाण्याला. चल रे, एकदा अजून कर."

मी वाकलो. मागं सरकू लागलो. जरा मान वळवून आबांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता. पोरगा चुकत नाही, याचा अभिमान. तो पाहून माझ्या अंगाची आग झाली.

मी मधेच ताठ उभा राहिलो.

"मी परीक्षेला बसणार आहे."

आणि वळलो. त्या सगळ्यांकडे पाठ केली आणि चालू लागलो. "बदतमीज!" मागून आवाज आला. आबा माझ्या वतीने माफी मागत, वाकत, मागं सरकत बाहेर येऊ लागले. जन्मभर त्यांच्या टाचेला कळलेला उंबरा त्या दिवशी कळला नाही. ते उताणे पडले. आत हशा झाला. उठवायला कोणी आलं नाही.

मी परत फिरलो, हात दिला. "उठा आबा. आता सरळ चाला."

त्यांनी हात झिडकारला. फूलबागेपर्यंत ते माझ्यापुढे चालत होते. घरी आल्यावर म्हणाले, "तू खानदान बुडवलंस." पुढे कित्येक महिने ते माझ्याशी बोलले नाहीत.

परीक्षा मी पास झालो. कोणाच्याही शब्दाशिवाय नोकरी लागली. मग राज्यांची पुनर्रचना झाली, कचेऱ्या भोपाळला गेल्या. तिथल्या जागांसाठी गल्लीतले बाप पुन्हा पोरांना घेऊन मोठ्या दारांशी उभे राहू लागले. ते पाहिलं आणि मी नोकरी सोडली, भोपाळला गेलो नाही. इंदरगंजातच टायपिंगचा क्लास काढला.

माझ्याकडे येणाऱ्या पोरांना मी मशीन शिकवतो, अर्ज लिहायला शिकवतो. उद्या मशीन बदललं, तर नवं शिकून घेऊन शिकवीन. आणि साहेबाच्या खोलीतून बाहेर कसं पडायचं, तेही करून घेतो. बोलणं झालं की वळायचं आणि चालू लागायचं. परवा एका पोराने विचारलं, "सर, साहब बुरा मान गए तो?"

मानू दे. ज्याला माझ्या पोरांची पाठ बघवत नाही, त्याने डोळे मिटून घ्यावेत. माझं एकही पोर आता मागं सरकणार नाही.