साहेबांनी उचललेला हात

राजारामपुरीतल्या त्या दवाखान्यात मी कॅज्युअल्टीत नर्स होते. रुजू झाले त्याच आठवड्यात एका बाईने माझ्या अंगावर गरम चहा फेकला. तिच्या नवऱ्याची शीर सापडत नव्हती, सुई दोनदा चुकली होती आणि तो कळवळत होता. आरडाओरडा ऐकून आमचे व्यवस्थापक साहेब आले. माझी मान भाजून लाल झाली होती. मानेकडे न बघता ते त्या बाईसमोर मला म्हणाले, "एवढंही जमत नसेल तर तुमच्या गावी, मुरगूडला परत जा, शेण काढायला." बाई गप्प झाली. साहेबांनी तिला खुर्ची दिली, दुसरा चहा मागवला.

साहेब डॉक्टर नव्हते. आधी ते कुठल्याशा मोठ्या हॉटेलात होते. गिऱ्हाईक तापलं की त्याच्यासमोर आपल्या माणसाला झापायचं, हे तिथून शिकून आले होते. सुरुवातीला त्याचा उपयोगही व्हायचा. पण पेशंटच्या माणसांना हळूहळू ते कळायला लागलं. "सायबाला बोलवू काय?" हे वाक्य दिवसातून कितीदा तरी ऐकू यायचं. झाडलोट करणाऱ्या मावशींना एका पेशंटच्या पोरानं कानफटात दिली, फरशी ओली ठेवली म्हणून. त्या रडत साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या, तेव्हा साहेबांनी विचारलं, "आधी तुम्ही काय बोललात ते सांगा." त्यानंतर मार खाल्लेलं कुणी केबिनमध्ये गेलं नाही. एका सिस्टरचे केस धरून पेशंटच्या माणसांनी तिला भिंतीवर आपटलं, तर ती टेंगळावर बर्फ लावून पुढच्या पेशंटकडे गेली.

आमच्यात एक ब्रदर होते. पुरुष नर्सला दवाखान्यात ब्रदरच म्हणतात. कर्नाटकच्या हद्दीलगतच्या गावचे, अंगानं दणकट, बोलणं निम्मं कानडी. म्हाताऱ्या बाईला अव्वा म्हणायचे आणि पुरुष पेशंटला अण्णा. कुणी शिव्या दिल्या तर हात मागे बांधून उभे राहायचे. मी एकदा विचारलं, "राग येत नाही?" म्हणाले, "येतोय की. पण माझा हात पडला तर समोरचा उठायचा न्हाय."

त्या उन्हाळ्यात एका दुपारी कबनूरहून एका यंत्रमागवाल्याला टेम्पोतून आणलं. चाळिशीतला धिप्पाड माणूस, घामानं निथळत होता, छातीवर मूठ दाबून धरली होती. सोबत धाकटा भाऊ आणि कारखान्यातली चार-पाच माणसं. इसीजी काढला. तरुण डॉक्टर मुलगी ड्युटीवर होती, नुकतीच शिकून आलेली. पट्टी बघताच तिचा चेहरा उतरला. हा मोठा झटका होता आणि आमचे हृदयाचे डॉक्टर पुण्याला गेले होते. पेशंटला ताबडतोब दुसऱ्या दवाखान्यात पाठवायला हवं होतं.

तिनं साहेबांना फोन लावला. मी शेजारीच इंजेक्शन भरत होते, साहेबांचा आवाज मला ऐकू येत होता.

"पेशंट बाहेर जाता कामा नये. डॉक्टर येतायत म्हणून सांगा."

"सर, पण ते पुण्याला आहेत."

"कुठं आहेत ते मला माहीत आहे. सांगितलं तेवढं करा."

तिनं फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते. मग ती बाहेर गेली आणि त्या भावाला म्हणाली, "डॉक्टर येतायत."

तो दर थोड्या वेळानं पडद्यातून आत डोकवायचा. "बाई, डाक्टर कवा येणार? आल्यात का न्हाय?" शेवटी ब्रदर त्याला दंडाला धरून कोपऱ्यात घेऊन गेले आणि हळू म्हणाले, "दादा, डॉक्टर गावात न्हाईत. गाडी तयार ठेवा आणि दुसरीकडं न्या. वेळ घालवू नका." भाऊ धावत बाहेर गेला. टेम्पो वळवून दाराशी लावेपर्यंत आत पेशंटचे डोळे फिरले.

ब्रदर छाती दाबायला लागले. "अण्णा, श्वास घ्या. घ्या की अण्णा." त्यांचा घाम पेशंटच्या अंगावर टपकत होता. बरगडी मोडल्याचा आवाज मी ऐकला. डॉक्टरनं शॉक दिले. काही उपयोग झाला नाही.

एव्हाना साहेब खाली आले होते. दवाखान्याचा एकुलता एक वॉचमन फाटकावर होता, मालकांच्या गाड्यांसाठी जागा अडवायला त्यांनीच त्याला पाठवलेलं. डॉक्टरनं मृत्यूची बातमी सांगितली. कारखान्यातली माणसं एकदम पुढे सरकली. एकानं ट्रॉली लाथाडली, बाटल्या फुटल्या. पण भावानं हात आडवा धरून त्यांना थोपवलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मग त्यानं ब्रदरकडे बोट दाखवून साहेबांना विचारलं, "ह्येनी म्हणत हुते, डाक्टर गावात न्हाईत, दुसरीकडं न्या. आणि तुमी म्हणताय येतायत. खरं कोण बोलतंय?"

साहेब वळले आणि त्यांनी ब्रदरच्या थोबाडीत मारली. उलट्या हातानं, अंगठीसकट. "तू डॉक्टर आहेस काय रे? कुणी सांगितलं तुला बोलायला? तुझ्यासारख्यांमुळं पेशंट जातात!"

ब्रदरच्या ओठातून रक्त आलं. त्यांनी हात मागे बांधलेलेच होते.

मग कुणीतरी "ह्यानंच घालवला!" म्हणून ओरडलं आणि ती माणसं त्यांच्यावर तुटून पडली. भाऊ सगळ्यांच्या पुढे होता. सलाईनचा लोखंडी स्टँड त्याच्याच हातात होता. पहिला तडाखा कानावर बसला, दुसरा जबड्यावर. ब्रदर गुडघ्यावर आले, मग आडवे झाले. लाथा चालू झाल्या. फुटलेल्या काचेवर त्यांचं तोंड घासत होतं. डॉक्टर मुलगी मध्ये पडली, तर तिला ॲप्रनला धरून फरफटत भिंतीपर्यंत नेलं. मी ब्रदरच्या डोक्यावर पालथी पडले. कुणीतरी माझ्या मनगटावर बूट ठेवून पूर्ण भार दिला. हाड मोडलं ते मला आधी ऐकू आलं, कळ नंतर आली.

साहेब केबिनमध्ये जाऊन आतून कडी लावून बसले होते. शेवटी बाहेरचे रिक्षावाले आत घुसले, त्यांनी एकेकाला ओढून काढलं.

संध्याकाळी प्लास्टर घालून मी कॉटवर पडले होते, तेव्हा साहेब आले. केस नीट विंचरलेले. म्हणाले, "पोलीस येतील. ब्रदर जिन्यावरून पडले, धावपळीत तुम्ही घसरलात, एवढंच सांगायचं. दवाखान्याचं नाव खराब व्हायला नको."

"आणि तुम्ही मारलंत ते?" मी विचारलं.

"ते वातावरण शांत करायला होतं."

मला आयुष्यात एवढी चीड कधी आली नव्हती. मोडका नसता तर माझाही हात उठला असता. पोलिसांना मी सगळं सांगितलं: फोन, वॉचमन, थप्पड, सगळं. डॉक्टर मुलीनंही जबाब दिला. एकही गोष्ट तिनं गाळली नाही. मालकांनी साहेबांना रजेवर पाठवलं. थोड्या दिवसांनी ते दुसऱ्या शहरातल्या दवाखान्यात त्याच पदावर रुजू झाल्याचं कानावर आलं. मला कॅज्युअल्टीतून काढून गोदामात टाकलं, तेव्हा मी राजीनामा दिला. आता एका छोट्या प्रसूतिगृहात आहे. तिथंही लोक चिडतात. पण तिथल्या मॅडम आधी आमच्या आणि माणसांच्या मध्ये येऊन उभ्या राहतात, मग काय झालं ते विचारतात.

मारहाणीचा खटला उभा राहिला. पहिल्या तारखेला कोर्टाच्या आवारात तो भाऊ माझ्याजवळ आला. जामिनावर होता, वाळून निम्मा झाला होता.

"बाई, त्यो ब्रदर खरं बोलत हुता न्हवं?"

"व्हय."

"मग त्येच्या सायबानं त्येला का मारला?"

तोच पुढे बोलू लागला.

"आमी थांबलो हुतो बाई. सायबाचा हात पडला आणि आमास्नी वाटलं, घरचाच माणूस मारतोय म्हणजे चूक ह्येचीच."

"हे मनगट तुमच्याच माणसानं मोडलंय," मी म्हणाले. "आणि स्टँड तुमच्या हातात होता."

त्यानं मान खाली घातली. टॉवेलनं तोंड पुसलं. मग म्हणाला, "त्येनी कुठं असत्यात? जाऊन भेटू काय?"

मला त्याची दया आली नाही. तरी घरी येऊन मी ब्रदरना फोन लावला. ते गावी दुधाचा धंदा बघतात, दवाखान्यात पुन्हा पाऊल टाकलेलं नाही. डाव्या कानानं आता ऐकू येत नाही, सवयीनं फोन मात्र त्याच कानाला लावतात, म्हणून मला सगळं दोनदा सांगावं लागलं. पलीकडे म्हशीला हाकल्याचा आवाज आला.

"येऊ दे की," ते म्हणाले. "पण एकट्यालाच पाठवा. घोळका आता नको वाटतोय."