ओलं करून पाहिलेली लोकर

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नव्या कचेरीत माझी बदली झाली आणि त्याच वर्षी पावसानं दगा दिला. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, त्यामुळं तिनं माझ्यासाठी विणायला घेतलेल्या स्वेटरची एक बाही राहिली होती. ती आता मीच पुरी करणार होते. तसलीच मरून लोकर शोधत भर उन्हात चार दुकानं पालथी घातली. पायाचे तुकडे पडले.

पाचवं दुकान बटणं, लेस आणि रिळांनी ठासून भरलेलं. गल्ल्यावर पांढऱ्या दाढीचे चाचा. त्यांनी माझा नमुना उन्हात धरून पाहिला आणि वरच्या फळीवरून एक लडी काढली. अगदी तोच रंग! मी पिशवी उघडलीसुद्धा.

चाचांनी मात्र आपल्या पिण्याच्या पेल्यातलं घोटभर पाणी एका झाकणात ओतलं, लोकरीचं टोक त्यात भिजवलं आणि पांढऱ्या चिंधीत दाबलं. चिंधी लाल झाली. लडी परत फळीवर गेली.

"हे नेऊ नका, बाई. रंग सोडून राहिलाय. पहिल्याच धुण्यात आईची सगळी मेहनत वाया जाईल."

मी वैतागले. "द्या हो चाचा! आठ-आठ दिवस नळाला पाणी न्हाई. स्वेटर धुतंय कोण?"

झाकणातलं पाणी त्यांनी पायरीवरच्या कुंडीत, सुकत चाललेल्या मेंदीला घातलं.

"आज न्हाई. येईल की कवातरी."

मी रिकाम्या हातानं परतले. पाणी येणार हे धरून धंदा करणारा त्या उन्हाळ्यात मला भेटलेला तो एकच माणूस.